ग्रहांच्या कक्षा आणि आकाशगंगेचे प्रतल

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत सूर्यमालेचा पाठ बहुधा दोन चित्रांच्या आधारे शिकविला जातो. पहिल्या चित्रात मध्यभागी सूर्य असून त्याच्या भोवती आठ ग्रहांच्या कक्षा एकाच सपाटीवर काढलेल्या असतात. दुसऱ्या चित्रात आपली आकाशगंगा चक्राकार दाखविलेली असते व तिच्यात एका ठिकाणी बाण काढून आपल्या सूर्याची जागा दर्शविलेली असते. दोन्ही चित्रे आपापल्या परीने योग्यच आहेत. परंतु ती फळ्यावर शेजारी शेजारी लावली म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात नकळत एक तिसरे चित्र तयार होते. मोठ्या परातीत लहान ताटली सपाट ठेवावी, त्याप्रमाणे ग्रहांच्या कक्षा आकाशगंगेच्या चक्रात सपाट पसरलेल्या आहेत, असे त्याला वाटू लागते. हे तिसरे चित्र कोणी काढलेले नसते आणि कोणी शिकविलेलेही नसते. तरी ते मनात ठसते. आणि ते खरे नाही.

ग्रहांच्या कक्षांची सपाटी आकाशगंगेच्या सपाटीशी सुमारे ६० अंशांचा कोन करते. भिंतीला टेकविलेली शिडी जमिनीशी जेवढी उभी असते, साधारण तेवढी ती उभी आहे. असे का, हे शिक्षकाने प्रथम स्वतः नीट समजून घ्यावे आणि मग विद्यार्थ्यांस दाखवावे, या हेतूने पुढील विवेचन केले आहे. विषय दूरचा वाटला, तरी कंपासपेटीतील एक गुण्या आणि मे महिन्यातील एक रात्र एवढ्या साधनांवर तो समजावून देता येतो.

१. तीन प्रतले

सपाट पृष्ठभाग सर्व बाजूंस कितीही वाढविला अशी कल्पना केली, म्हणजे त्यास प्रतल म्हणतात. आपल्या विषयात तीन प्रतले लक्षात ठेवावयाची आहेत.

पहिले पृथ्वीच्या विषुववृत्ताचे प्रतल होय. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ती या प्रतलात. ध्रुवतारा याच्या उत्तर ध्रुवाजवळ आहे.

दुसरे पृथ्वीच्या सूर्याभोवतालच्या कक्षेचे प्रतल. आकाशात सूर्य वर्षभरात ज्या मार्गाने तारकांमधून फिरताना दिसतो, त्या क्रांतिवृत्ताचे हे प्रतल आहे. आपली सत्तावीस नक्षत्रे व बारा राशी याच मार्गाच्या आसपास मांडलेल्या आहेत. विषुववृत्ताच्या प्रतलाशी याचा कोन सुमारे २३.४ अंश आहे. ऋतू होतात ते याच कलामुळे. इतर ग्रहांच्या कक्षाही या प्रतलाच्या अगदी जवळ आहेत. बुधाच्या कक्षेचा कल ७ अंश, शुक्राचा ३.४, शनीचा २.५, मंगळाचा १.९, नेपच्यूनचा १.८, गुरूचा १.३ आणि युरेनसचा तर केवळ ०.८ अंश आहे. म्हणून ग्रह आकाशात वाटेल तेथे दिसत नाहीत. ते नेहमी राशींच्या पट्ट्यातच सापडतात. पहिल्या चित्रात सर्व कक्षा एका सपाटीवर काढतात ते यामुळे रास्तच आहे.

तिसरे प्रतल आकाशगंगेचे. आकाशगंगा ही सुमारे एक लाख प्रकाशवर्षे व्यासाची, त्या मानाने पुष्कळच पातळ अशी ताऱ्यांची तबकडी आहे. आपण तिच्या आतच असल्यामुळे तिची सपाटी आपणांस कडेने दिसते, आणि म्हणूनच ती आकाशात एका अंधुक पांढुरक्या पट्ट्याच्या रूपाने भासते. या पट्ट्याची मध्यरेषा म्हणजे आकाशगंगेचे प्रतल होय. क्रांतिवृत्ताच्या प्रतलाशी याचा कोन ६०.२ अंश, आणि पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या प्रतलाशी सुमारे ६२.९ अंश आहे.

दोन प्रतले एकमेकांस छेदतात ती एका सरळ रेषेत. त्यामुळे क्रांतिवृत्त आणि आकाशगंगेचा पट्टा आकाशात बरोबर दोन ठिकाणी एकमेकांस ओलांडतात. एक ठिकाण वृश्चिक व धनू या राशींच्या बाजूस आहे, तर दुसरे त्याच्या समोर, वृषभ व मिथुन यांच्या दरम्यान आहे. ग्रहमार्ग जर आकाशगंगेच्या सपाटीत असता, तर सर्व राशी आकाशगंगेच्या पट्ट्यातच पडल्या असत्या. सिंह, कन्या, कुंभ व मीन या राशी त्या पट्ट्यापासून कितीतरी दूर आहेत, एवढी एकच गोष्ट आपला सिद्धान्त दाखविण्यास पुरेशी आहे. त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.

२. हे ज्ञान कसे झाले

क्रांतिवृत्ताचे ज्ञान फार जुने आहे. विषुववृत्ताशी त्याचा कल आपल्याकडील प्राचीन ज्योतिषग्रंथांत २४ अंश धरलेला आढळतो. आपल्या ज्योतिषशास्त्राचा हा सारा इतिहास ज्यांनी मराठीत १८९६ साली ग्रंथरूपाने मांडला, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे व्यवसायाने शिक्षक होते, ही गोष्ट शिक्षकवर्गास अभिमान वाटावा अशी आहे.

आकाशगंगेचे ज्ञान मात्र बरेच अलीकडचे आहे. गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहून तो पांढुरका पट्टा असंख्य ताऱ्यांचा बनलेला असल्याचे १६१० साली प्रसिद्ध केले. विल्यम हर्शेल यांनी आकाशाच्या निरनिराळ्या दिशांस किती तारे दिसतात हे मोजून १७८५ साली आकाशगंगेचा चपटा आकार मांडला. तिचा मध्य धनू राशीच्या दिशेस आहे हे शॅप्ली यांनी १९१८ च्या सुमारास दाखविले, आणि ही सर्व तबकडी फिरत असल्याचे ऊर्ट यांनी १९२७ साली ताऱ्यांच्या गतींवरून सिद्ध केले. दीक्षितांच्या ग्रंथानंतरच्या सुमारे तीस वर्षांत झालेली ही प्रगती आहे. पुढे १९५१ साली आकाशातील हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी टिपण्यात आल्या. धूळ व ढग यांतून आरपार येणाऱ्या या लहरींमुळे आकाशगंगेची सपाटी प्रथमच अचूकपणे आखता आली, आणि १९५८ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघाने तिचे ध्रुव व मध्यरेषा अधिकृतपणे निश्चित केल्या. वर दिलेले ६०.२ अंश हे माप या निश्चितीवर आधारलेले आहे.

अशा लहरी टिपणारे जगातील एक मोठे साधन आपल्याच जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती १९९० च्या दशकात उभारली गेली. आंबेगाव तालुक्यातील गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची दोन मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण २००६ पासून आहे. ही स्थळे शहराच्या उजेडापासून व गजबजाटापासून दूर निवडावी लागली, हेही विद्यार्थ्यांस सांगण्यासारखे आहे.

३. प्रमाणाचा विचार

दोन्ही सपाट्या जुळाव्यात अशी अपेक्षा आपल्या मनात का येते, तर चित्रात दोन्ही तबकड्या जवळपास एकाच आकाराच्या काढलेल्या असतात म्हणून. वस्तुतः त्यांच्या आकारांत अंतर किती आहे ते पाहावे.

नेपच्यून हा सर्वांत दूरचा ग्रह सूर्यापासून सुमारे ४५० कोटी किलोमीटरवर आहे. तेथपर्यंत पोहोचण्यास प्रकाशास चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे ग्रहमालेची रुंदी सुमारे सव्वाआठ प्रकाशतास झाली. आकाशगंगेची रुंदी आहे एक लाख प्रकाशवर्षे. भागाकार केल्यास आकाशगंगा ग्रहमालेच्या सुमारे दहा कोटी पट रुंद आहे असे निघते.

हे प्रमाण मुलांस समजण्याजोगे करावयाचे तर असे सांगावे: संपूर्ण ग्रहमाला खसखशीच्या एका दाण्याएवढी, म्हणजे एक मिलिमीटर मानली, तर आकाशगंगा सुमारे १०० किलोमीटर रुंद होईल. काळेवाडीपासून सह्याद्री ओलांडून ठाण्यापर्यंतचे सरळ अंतर जवळजवळ एवढेच भरते. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात पडलेला खसखशीचा एक दाणा कोणत्या अंगावर आहे, हे त्या प्रदेशाच्या चढउतारावरून ठरत नाही. तो दाणा जेथे पडला तेथील मातीच्या कणांवरून ठरते. ग्रहमालेचेही तसेच आहे.

४. ग्रहांत मेळ आहे, आकाशगंगेशी का नाही?

सूर्य व ग्रह सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू व धूळ यांच्या एका मेघापासून निर्माण झाले. हा मेघ स्वतःच्या भाराने आकुंचन पावत असताना त्याची मुळातील मंद फिरकी वाढत गेली. फिरत्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने पसरलेले हात जवळ घेतले म्हणजे त्याचा वेग वाढतो, त्यातलाच हा प्रकार. फिरकीच्या अक्षाच्या दिशेने द्रव्य खाली बसू शकले. परंतु अक्षापासून दूर पसरलेले द्रव्य फिरकीमुळे तोलले गेले. त्यामुळे मेघाची तबकडी झाली, आणि त्या एका तबकडीतून सर्व ग्रह घडले. सर्व ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एकाच प्रतलात असण्याचे आणि ते सर्व एकाच दिशेने फिरण्याचे कारण हे आहे. ग्रह एका घरची भावंडे आहेत, म्हणून त्यांची चाल एक आहे.

आता प्रश्न असा की, त्या मेघाची मूळ फिरकी कोणत्या दिशेची असावी हे कोणी ठरविले? आकाशगंगा फिरते हे खरे. परंतु तिला आपल्या अंतरावर एक फेरी पूर्ण करण्यास २२ ते २५ कोटी वर्षे लागतात. एवढ्या संथ फिरण्याचा, एखाद्या प्रकाशवर्षाहूनही लहान असलेल्या मेघखंडावर होणारा परिणाम अत्यल्प असतो. उलट मोठ्या मेघांच्या पोटात सतत खळबळ चालू असते. जवळपास जन्मलेल्या मोठ्या ताऱ्यांचे झोत, फुटणाऱ्या ताऱ्यांचे धक्के, चुंबकीय क्षेत्रे आणि शेजारच्या मेघखंडांची ओढ यांमुळे प्रत्येक लहान खंडास कोठल्या तरी दिशेची फिरकी मिळते. पुराच्या वेळी पवना नदी एकाच दिशेने वाहत असते, परंतु तिच्या पाण्यात काठाशी, खडकाशी, पुलाच्या खांबाशी लहान लहान भोवरे उठतात. ते काही सर्व एकाच दिशेने फिरत नाहीत. आपली ग्रहमाला अशाच एका भोवऱ्यातून झालेली आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. तिला प्रत्यक्ष पुरावे आहेत. मृग नक्षत्रातील तलवारीच्या जागी जो धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तो सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर असलेला तेजोमेघ असून तेथे आजही तारे जन्मत आहेत. हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात त्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा अनेक बालताऱ्यांभोवती धुळीच्या काळ्या तबकड्या आढळल्या. त्यांतील काही आपल्याकडे कड करून उभ्या आहेत, काही समोरून गोल दिसतात, तर काही तिरप्या आहेत. एकाच मेघातील शेजाऱ्यांतदेखील दिशांचा मेळ नाही.

दुसरा पुरावा इतर ताऱ्यांच्या ग्रहांचा. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह प्रथम १९९५ साली आढळला. आता अशा परक्या ग्रहांची संख्या सहा हजारांच्या वर गेली आहे. त्यांपैकी बहुतेक ग्रह अधिक्रमणाच्या पद्धतीने सापडले. ग्रह आपल्या ताऱ्याच्या बिंबासमोरून गेला म्हणजे ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो, आणि त्यावरून ग्रहाचे अस्तित्व कळते. अर्थात् असे घडण्यास त्या ग्रहाची कक्षा आपल्याकडे जवळजवळ कड करून असावी लागते. पृथ्वी-सूर्याएवढे अंतर असलेल्या ग्रहाबाबत ही जुळणी दोनशेंतून एखाद्याच वेळी साधते.

आता विचार करा. सर्व ग्रहमाला जर आकाशगंगेच्या सपाटीस समांतर असत्या, तर अशी अधिक्रमणे मुख्यतः आकाशगंगेच्या पट्ट्यातील ताऱ्यांचीच दिसली असती. पट्ट्यापासून दूरच्या ताऱ्यांचे ग्रह आपणांस समोरून किंवा तिरपे दिसले असते व बिंबासमोरून गेलेच नसते. प्रत्यक्षात ती आकाशाच्या सर्व भागांत दिसतात. सिंह राशीत सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर ‘के२-१८’ नावाचा तारा आहे. तो आकाशगंगेच्या मध्यरेषेपासून ६० अंशांहून अधिक दूर आहे. तरीही त्याच्या ग्रहाचे अधिक्रमण २०१५ साली टिपले गेले. म्हणजे त्या ग्रहाची कक्षाही आपल्या कक्षांप्रमाणेच आकाशगंगेच्या सपाटीत नाही. यावरून निष्पन्न होते ते हे: ग्रहमालांच्या दिशा यदृच्छेने ठरतात, आणि आपले ६० अंश हेही तसेच एक यदृच्छेचे माप आहे. त्यात कोणताही गूढ संकेत नाही.

५. सूर्याची वाटचाल

सूर्य स्वस्थ बसलेला नाही. तो आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर राहून, दर सेकंदास २३० ते २५० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती जात आहे. त्याच्या आजवर सुमारे वीस फेऱ्या झाल्या असाव्यात. या वाटचालीची सध्याची दिशा हंस तारकासमूहाकडे आहे. पृथ्वीचा सूर्याभोवतालचा वेग सेकंदास ३० किलोमीटर, म्हणजे याच्या मानाने बराच कमी आहे.

या प्रवासात ग्रहांचे प्रतल कसे धरलेले आहे? पिंपरी-चिंचवडच्या मुलांस रोज दिसणाऱ्या वस्तूची उपमा येथे चपखल बसते. मोटारीची पुढची काच रस्त्याशी तिरपी असते. तिची खालची कड पुढे आणि वरची कड मागे कललेली असते. रस्ता म्हणजे आकाशगंगेची सपाटी आणि मोटार जाते ती सूर्याची दिशा मानली, तर रस्त्याशी ६० अंश करणारी ती काच म्हणजे ग्रहांचे प्रतल. त्याचा उत्तरेकडील तोंडवळा पुढच्या बाजूस आहे.

यावरून एक रंजक हिशेब निघतो. पृथ्वी या तिरप्या सपाटीत फिरत असल्यामुळे ती कधी सूर्याच्या पुढे असते, कधी मागे. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर १५ कोटी किलोमीटर आहे. कोन ६० अंशांचा असल्यामुळे ती जास्तीत जास्त याच्या निम्मी, म्हणजे साडेसात कोटी किलोमीटर पुढे जाऊ शकते. सप्टेंबरच्या पूर्वार्धात, म्हणजे शिक्षकदिनाच्या आसपास, पृथ्वी अशी सूर्याच्या पुढे असते. मार्चच्या पूर्वार्धात तेवढीच मागे असते. भ्रमणध्वनीवर हल्ली एक चलच्चित्र पुष्कळ फिरते. त्यात सूर्य धूमकेतूप्रमाणे पुढे धावताना आणि सर्व ग्रह त्याच्या मागे फरफटत येताना दाखविलेले असतात. ते पाहून विद्यार्थी प्रश्न विचारतात. ग्रह सूर्याच्या मागे राहत नाहीत, अर्धा काळ ते पुढेही असतात, हे त्यांस वरील हिशेबाने दाखवून द्यावे.

हा ६० अंशांचा कोन बदलतो काय? फिरता भोवरा ताटात ठेवून ते ताट खोलीभर फिरविले, तरी भोवरा आपल्या अक्षाची दिशा सहसा सोडत नाही. तद्वत् ग्रहमाला आकाशगंगेभोवती नेली जात असली, तरी तिच्या प्रतलाची दिशा जवळजवळ कायम राहते. ग्रहांवर सूर्याची पकड इतकी बळकट आहे की, आकाशगंगेची ओढ त्यांस वळवू शकत नाही. सूर्यापासून हजारो पट दूर असलेल्या धूमकेतूंच्या कक्षांवर मात्र तिचा परिणाम होतो.

यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ग्रहांचे प्रतल व आकाशगंगेचे प्रतल ज्या रेषेत एकमेकांस छेदतात, ती रेषा सध्या आकाशगंगेच्या केंद्रापासून अवघ्या सहा-सात अंशांवर आहे. म्हणून दरवर्षी १८-१९ डिसेंबरच्या सुमारास सूर्य त्या केंद्राच्या दिशेजवळून, सुमारे साडेपाच अंश उत्तरेने जाताना दिसतो. ही जवळीक आपल्या काळापुरती आहे. सूर्याची पाव फेरी, म्हणजे सुमारे सहा कोटी वर्षे झाल्यावर ती रेषा केंद्राकडे रोखलेली राहणार नाही. २१ डिसेंबर २०१२ रोजी अशा जुळणीमुळे जगाचा अंत होणार अशी आवई उठली होती व पुष्कळ लोक घाबरले होते. जी गोष्ट दर डिसेंबरात घडते, ती त्याही डिसेंबरात घडली आणि काहीही झाले नाही. ज्या मुलास हे दोन प्रतलांचे साधे भूमितीचे नाते ठाऊक आहे, ते अशा आवईस बळी पडणार नाही.

६. प्रत्यक्ष निरीक्षण

काळेवाडी हे पवनेच्या काठचे एके काळचे खेडे आज पिंपरी-चिंचवड महानगराचा दाट वस्तीचा भाग आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि भोसरी-चाकणपर्यंत दिव्यांची रांग पसरली. त्या उद्योगांनी हजारो कुटुंबांस अन्न दिले. परंतु त्या उजेडात आकाशगंगेचा पट्टा बुडून गेला. काळेवाडीत जन्मलेल्या मुलाने ती पाहिलेली नसण्याचा संभव फार आहे. जी वस्तू डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिचा कोन सांगून काय समजणार? ही या पाठातील खरी अडचण होय.

तिच्यावर उपाय आहे. येथील पुष्कळ कुटुंबे इतर जिल्ह्यांतून आलेली आहेत, आणि मे महिन्याच्या सुटीत मुले गावी किंवा आजोळी जातात. तेथील आकाश काळे असते. सुटीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात शिक्षकाने पुढील निरीक्षण समजावून द्यावे.

मे महिन्याच्या मध्यास, अमावास्येच्या जवळची रात्र निवडावी. रात्री दहाच्या सुमारास मोकळ्या जागी उभे राहावे. डोक्यावर, किंचित उत्तरेस, आकाशगंगेच्या सपाटीचा उत्तर ध्रुव असतो. स्वाती व उत्तरा फाल्गुनी या ताऱ्यांच्या मधोमध पाहून तेथून एक मूठ उत्तरेस सरकावे, म्हणजे ती जागा सापडते. (हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे १० अंश झाकते.) या प्रदेशास अरुंधती केश म्हणतात. काळेवाडीचे अक्षांश सुमारे १८.६ आणि या ध्रुवाचे विषुववृत्तापासून अंतर २७.१ अंश, म्हणून तो माथ्यापासून केवळ साडेआठ अंश ढळलेला असतो. आता, ज्या प्रतलाचा ध्रुव माथ्यावर ते प्रतल क्षितिजाशी जुळते. म्हणजे त्या घटकेस आपल्या भोवतीचे क्षितिज हेच जवळजवळ आकाशगंगेचे प्रतल झालेले असते! या वेळी आकाशात पट्टा शोधू नये. तो चहूकडे क्षितिजालगत लपलेला असतो. दक्षिणेस क्षितिजापासून एका मुठीवर त्रिशंकूचे तारे दिसले, तर ते त्याच पट्ट्यातील आहेत असे समजावे.

त्याच वेळी ग्रहमार्ग शोधावा. पश्चिमेस, किंचित वायव्येकडे, खाली पुनर्वसूचे तारे. त्यांच्या वर मघा. दक्षिणेस उंचावर चित्रा. आणि आग्नेयेस तांबूस ज्येष्ठा. या चार ठिकाणांस मनाने जोडणारी मोठी कमान म्हणजे क्रांतिवृत्त होय. त्या वर्षी जे ग्रह त्या भागात असतील ते याच कमानीच्या आसपास दिसतील. चंद्रही तिच्यापासून पाच अंशांहून फारसा ढळत नाही. ही कमान क्षितिजाशी सुमारे ६८ अंशांची चढण करून उभी असते. क्षितिज आकाशगंगेशी तंतोतंत जुळत नसल्यामुळे ६० ऐवजी ६८ अंश भरतात. जमीन म्हणजे आकाशगंगा आणि डोक्यावर उभी असलेली कमान म्हणजे ग्रहांची वाट, हे दृश्य एकदा पाहिलेला विद्यार्थी दोन्ही सपाट्या एक आहेत असे पुन्हा म्हणणार नाही.

मोठ्या माणसांच्या सोबतीने जागणे शक्य असल्यास मध्यरात्रीनंतर पुन्हा पाहावे. आग्नेयेकडून आकाशगंगेचा पट्टा वर आलेला असतो, आणि धनू राशीजवळ तो सर्वांत रुंद व तेजस्वी दिसतो. तोच आकाशगंगेच्या केंद्राचा भाग. ग्रहांची वाट त्या पट्ट्यास तेथेच तिरपी ओलांडून जाते.

७. वर्गात करावयाचा प्रयोग

साहित्य: जाड पुठ्ठ्याची सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची तबकडी, १० सेंटिमीटर व्यासाची लहान तबकडी, कंपासपेटीतील ३०-६० अंशांचा गुण्या, कात्री व डिंक.

मोठ्या तबकडीचा मध्य म्हणजे आकाशगंगेचे केंद्र. मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून किंचित पुढे एक बिंदू घ्यावा. ती सूर्याची जागा. त्या बिंदूवर, केंद्राच्या दिशेने जाणारी १० सेंटिमीटर लांबीची चीर पाडावी आणि तीत लहान तबकडी अर्धी खाली, अर्धी वर राहील अशी बसवावी. मोठ्या तबकडीच्या वरच्या अंगास ‘उत्तर’ असे लिहून, वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणारा बाण सूर्याच्या जागी काढावा. आकाशगंगा त्या दिशेने फिरते. आता गुण्याचा ६० अंशांचा कोपरा टेकवून लहान तबकडी तिरपी करावी. तिची वरची कड बाणाच्या उलट दिशेस कललेली असावी. मग तिच्या पुढच्या तोंडावर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जाणारा बाण काढावा. ग्रह या दिशेने फिरतात. अशा रीतीने दोन्ही फिरण्यांची दिशाही एक नाही, हे मुलांच्या सहज ध्यानात येईल.

प्रयोगानंतर विद्यार्थ्यांस पुढील प्रश्न विचारावेत: सर्व ग्रह राशींच्या पट्ट्यातच का दिसतात? आकाशगंगा व क्रांतिवृत्त किती ठिकाणी छेदतात, व दोनच ठिकाणी का? दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या ग्रहमालेसाठी लहान तबकडी कोणत्या कोनात बसवावी? शेवटच्या प्रश्नास ठरलेले उत्तर नाही. कोणताही कोन चालेल, असे उत्तर जो विद्यार्थी देईल त्यास पाठ समजला असे मानावे. तबकडी वर्गात टांगून ठेवावी आणि सूर्यमाला व आकाशगंगा यांची दोन चित्रे तिच्या दोन्ही बाजूंस लावावीत. सुटीवरून परतलेल्या मुलांनी गावी काय पाहिले ते जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून वर्गापुढे सांगवून घ्यावे, व त्यांनी पाहिलेली कमान आणि पट्टा या तबकडीवर त्यांच्याच हाताने दाखवून घ्यावा.